सब्जा नावाचं लेकरू

तात्यारावांनी बसवकल्याणहून बसच्या टपावर घालून आणलेला पाळणा अंगणात उतरवला, तेव्हा शोभाला पहिल्यांदा दिसलं की त्याच्या पुढच्या फळीवर दोन नावं आहेत. वर ठळक पांढऱ्या अक्षरांत ‘सुजाता’. आणि त्याच्या मागून, निळ्या रंगाचा हात फिरवूनही पुरतं न झाकलेलं ‘सिद्धार्थ’.

तिला आधी हसू आलं आणि मग राग आला.

सीमेपलीकडं, कर्नाटकातल्या मेहकरच्या त्या घरात सासरे गेल्यापासून तात्यारावांचा शब्द शेवटचा. ते बसवकल्याणला शाळेत मास्तर. अधूनमधून गावी यायचे आणि येताना काहीतरी ठरवूनच यायचे. धाकटा व्यंकट, शोभाचा नवरा, शेत बघायचा आणि मान हलवायचा. व्यंकटला पहिलं मूल होणार म्हटल्यावर तात्यारावांनी सातव्या महिन्यातच सुताराला पाळणा सांगितला, नावासकट. मुलगाच होणार हे त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे. देव तर बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या साली बापाच्या बरोबरीनं त्यांनी घरातून काढून विहिरीत सोडले होते, तेव्हा देवाला विचारलं नसणार एवढं नक्की. मग मुलगी झाल्याचा निरोप गेला आणि पाळणा पुन्हा रंगाला गेला.

शोभाकडे एकच नाव होतं. ते तिला पुसावं लागलं नव्हतं.

ती खोलीत परत आली. सरुबाई बाळाला ओव्याची धुरी देत होती. सरुबाई म्हणजे तात्याराव-व्यंकटची थोरली बहीण, बाळाची आत्या. शोभाला आई नव्हती, निंबर्ग्याला माहेरी सगळी पुरुषमाणसं, म्हणून बाळंतपण सासरीच करायचं ठरलं आणि सरुबाई त्यासाठी गुलबर्ग्याहून दुकान बंद करून आली. दुकान म्हणजे दर्ग्याच्या वाटेवर एक टोपली आणि खाली पोतं. टोपलीत दर्ग्यावर चढवायचे गुलाब आणि तुळशीसारख्या वासाच्या सब्ज्याच्या जुड्या. नवऱ्यानं दुसरी बायको केल्यावर सरुबाई त्याच्या दारात रडत बसली नव्हती. तशीच गुलबर्ग्याची बस धरून गेली होती आणि तेव्हापासून स्वतःचं स्वतः खात होती. बहीण दर्ग्यापुढं फुलं विकते, हे तात्याराव शाळेत कुणाला सांगत नसत.

“आक्का, भाऊजींनी पाळण्यावर नाव घालून आणलंय,” शोभा म्हणाली.

“कंचं?”

“दोन हायत. एक पुसलेलं, एक लिवलेलं.”

सरुबाईनं बाळाला उचलून मांडीवर उलटं घेतलं, पाठीवरून हात फिरवला. “मंग राहू दे की बाई त्यातलंच एक. मी तुला तवाच सांगितले, त्या नावाच्या वाटंला जाऊ नगंस म्हून.”

“तुमी सांगितलाव. मी ऐकले न्हाई.”

हे बोलणं दोघींत पावसाळ्यात झालं होतं. शोभा लग्न होऊन या घरी आली तेव्हापासून ओढ्यावर धुणं घेऊन जायची. तिथं काठावर, बाभळीच्या बुडाशी, सब्ज्याचं दाट रान माजलं होतं. एवढा एकाच ठिकाणी कसा, हे तिला कळत नसे. जाता येता एक तुरा तोडून ती केसांत खोचायची. थंडी सरता सरता दिवस गेले आणि उन्हाळाभर अन्न पोटात ठरेना, तेव्हा भिजवलेल्या सब्ज्याच्या बियांचं पाणी तेवढं आत राहिलं. चार महिने तिनं त्या पाण्यावर काढले. मग पावसाळ्यात सरुबाई भेटीला आली तेव्हा तिनं सहज विचारलं, हा सब्जा इथं कुणी लावला?

सरुबाईनं सांगितलं. दीक्षेच्या आदल्या साली, पहिलं बाळंतपण म्हणून ती याच घरी आली होती. याच खोलीत बाळंत झाली. मूल मेलेलंच आलं. सुईणीनं ते जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलं, आईनं बाहेर नेलं, आणि ओढ्याकाठी बाभळीखाली ते पुरलं गेलं. मुलगा होता की मुलगी, हे तिला कुणीही सांगितलं नाही. तशीच रीत होती. सांगितलं की बाईचं मन गुंतून पडतं म्हणायचे. आई मेली, सुईण मेली. सरुबाईला पुन्हा मूल झालं नाही. पुढं कधीतरी तिनं गुलबर्ग्याहून बी आणून त्या जागी टाकलं. त्याचंच हे रान.

“माझ्या लेकराला हेच नाव,” शोभा तेव्हा म्हणाली होती. “सब्जा. पोरगं होऊ दे न्हाईतर पोरगी.”

“येडी का काय गं तू? मढ्यावरचं झाड, जित्या लेकराच्या नावाला?”

“मढ्यावरचं कसं, आक्का? त्याच्यावर मी जगले की चार महिने.”

त्यावर सरुबाई बरंच काही बोलली होती, पण शोभा ऐकणाऱ्यांतली नव्हती. आणि खरं सांगायचं तर सरुबाईनंही पुरतं जीव तोडून नाही म्हटलं नव्हतं.

*

अंगणात सतरंज्या पडल्या. टेबलावर बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर ठेवून तात्यारावांनी हार घातले, मेणबत्त्या उभ्या केल्या. त्यांची बायको शकुबाई मागच्या चुलीवर घुगऱ्या शिजवत होती. वंदना घ्यायला पिराजीमामा आले होते. धोतर, काळा कोट आणि गळ्यात पांढरा गमचा. चुलती कोंडाबाई भिंतीला टेकून बसली होती. पलीकडं गल्लीत पाटलांच्या घरी तुळशीच्या लग्नाची गडबड चालली होती, उसाच्या मोळ्या चालल्या होत्या.

तात्यारावांना बरं वाटत होतं. ही तयारी त्यांना नुसती तयारी वाटत नसे. नावाचं प्रकरण त्यांच्या फार जिव्हारी लागलेलं होतं. ते जन्मले तेव्हा त्यांचा बाप रीतीप्रमाणं घुगऱ्यांचं ताट घेऊन पाटलाच्या वाड्याच्या ढेळजेपुढं उभा राहिला होता आणि पाटलानं मान वर न करता नाव फेकलं होतं, ‘कचऱ्या’. बाप घरी आला आणि म्हणाला, ह्याला तात्या म्हणायचं. गावात कचऱ्या, घरात तात्या, अशी चौदा-पंधरा वर्षं गेली. दीक्षेच्या दिवशी बापानं भर मैदानात ‘तात्याराव’ म्हणून हाक मारली, तेव्हा आपल्याला नवीन कातडी आल्यासारखं त्यांना वाटलं होतं. तेव्हापासून घरातल्या प्रत्येक मुलाचं नाव त्यांनी स्वतः ठेवलं.

“मामा, आधी त्रिशरण, पंचशील. मंग नाव तुमीच जाहीर करायचं,” ते म्हणाले. “ते आत्यानं कानात सांगायचं, कुर्र करायचं, असली थेरं आपल्यात आता न्हाईत.”

“नाव सुजाता न्हवं?” पिराजीमामांनी पाळण्याकडं बघत विचारलं. जुनं नाव दिसत होतं, पण त्यांनी ते न वाचल्यासारखं केलं.

“न्हाई,” खोलीच्या दारातून आवाज आला.

बाळंतिणीनं भरल्या अंगणात थोरल्या दिराला आडवं बोलणं त्या घरात कुणी ऐकलं नव्हतं. व्यंकटनं एकदम खाली बघायला सुरुवात केली.

“भाऊजी, नाव ठरलेलं हाय,” शोभा म्हणाली. “सब्जा. लेकरू पोटात हुतं तवापासून आमी त्याला त्याच नावानं बोलायलाव.”

मागं शकुबाई घुगऱ्या ढवळायच्या सोडून इकडं बघायला लागली.

“अगं बया!” कोंडाबाई भिंतीपासून सरळ झाली. “पिराच्या थडग्यावर घालतेत ते? चादरीवर? ते नाव लेकराला?”

“तेच,” शोभा म्हणाली.

“काकू, तुमी थांबा,” तात्यारावांनी हात वर केला. शाळेत करायचे तसाच. “शोभा, हे नाव तुला कुनी शिकवलं ते मला कळायलंय. दर्ग्यावरचं हाय ते. पण एक ध्यानात घे. आपल्या माणसांची नावं ह्या गावानं कशावरून ठिवली? केरावरून. दगडावरून. उकिरड्यावरून. त्यातून आपन भाईर आलाव. बुद्धाच्या घरातलं नाव हाय सुजाता. तिनं खीर दिली हुती भगवंताला. आन् तू परत पाल्यापाचोळ्यावर चाललीस? उद्या शाळेत पोरं चिडवतील, ‘काय गं, जुडी कितीला?’ तवा काय सांगशील?”

आणि हे काही खोटं नव्हतं. बसलेल्या चार माणसांना ते पटलं. पिराजीमामांनी मान हलवली. “मास्तर बरोबर बोलायलेत, पोरी. पीर, दर्गा, हे आपन सोडलेलं हाय.”

“मामा, तुमचं नाव पिराजी कामून हो?” शोभानं विचारलं.

मामांनी गळ्यातला गमचा सारखा केला. त्यांच्या आईनं पिराला नवस केला होता हे साऱ्या तालुक्याला ठाऊक होतं. “ते तवाचं हाय,” ते शेवटी म्हणाले. “आता कुठं बदलू? लोकं वळखायची न्हाईत.”

व्यंकट फसकन हसला आणि भावाकडं बघून लगेच थांबला.

आता कोंडाबाई तात्यारावांच्या बाजूनं बोलेल असं सगळ्यांना वाटलं. तिनंच तर सुरुवात केली होती. पण नावांचा विषय निघाला आणि म्हातारीच्या मनात कुठं काय हललं, तिचं तिलाही उमगलं नसेल.

“मला सांगा,” ती म्हणाली, “माजं नाव कोंडा कामून? माझ्या आदीची तीन मेली म्हून. मरणाला वाटावं, हा नुसता कोंडा हाय, दाणा न्हाई, ऱ्हाऊ द्या. जगले मी. पर जल्मभर कोंडाच की! ह्या डोळ्यांदेखत राज्याचं नाव दोनदा बदललं. आदी हैद्राबाद, मंग म्हैसूर, आता गेल्या साली कर्नाटक. कोंडाबाईचं नाव बदलावं असं कुनाच्या मनात आलं न्हाई. तात्या, तू एवढा शिकलास. तुझ्या बी आलं न्हाई.”

तात्यारावांना हे अपेक्षित नव्हतं. “काकू, तुमी कवा बोललाव न्हाई.”

“कुनी इचारलं का?” कोंडाबाईनं नाकावर पदर ओढला. “सब्ज्याला वास तरी हाय बाबा. मला तर ते नाव बरं वाटायलंय.”

“आता मघाशी तुमीच...”

“मघाशी मघाशी हुतं.”

तात्याराव व्यंकटकडं वळले. घरात त्यांना बिनशर्त मान हलवणारं एवढं एकच माणूस होतं. “व्यंकट, बाप तू हाईस. बोल.”

व्यंकटनं मान हलवली. पण ती नेहमीसारखी उभी हलली नाही. आडवी हलली. “अण्णा, मला बी सुजाता म्हनता येईना गेलंय. तोंडात तेच बसलंय.”

*

सरुबाई हे सगळं आतून ऐकत होती. बाळ तिच्या खांद्यावर झोपलं होतं, ओव्याच्या धुराचा वास अंगाला. बाहेर जायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. आपण आत्या आहोत, पण या घरात आपल्याला बाळंतपणापुरतं बोलावलंय, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तशात आत्याचा मानही थेरांत जमा झाला होता. पण ‘पालापाचोळा’ हा शब्द तिच्या कानात घुसला आणि बाहेर निघेना. ती उठली.

अंगणात ती आली तेव्हा माणसांनी आपोआप वाट दिली. पाळण्याजवळ थांबून तिनं फळीवरच्या दोन्ही नावांवरून बोट फिरवलं. तिला वाचता येत नव्हतं, पण रंग दोनदा दिलाय हे बोटाला कळत होतं.

“तात्या, पोरगी झाली म्हून हे वरचं. पोरगं झालं असतं तर हे खालचं. व्हय न्हवं?”

“व्हय.”

“आन् ठावंच नसतं तर?”

“म्हंजे?”

“लेकरू पोरगं हाय का पोरगी, हे कुनी सांगितलंच नसतं, तर काय लिवला असतास?”

तात्यारावांच्या चेहऱ्यावर काहीतरी सरकलं. इतरांना ते दिसलं नसेल. सरुबाईला दिसलं, कारण ती एकोणीस वर्षं नेमकं तेवढंच बघायला या घरी येत होती.

“आक्का, आता हे नगं,” ते हळूच म्हणाले. “चार मानसं हायत.”

“मानसं असू देत. मानसांतच इचारायचं हाय मला. त्या सकाळी मायनं टोपली तुझ्या हातात दिली. तू नेलास. तूच पुरलास. आता मायबी न्हाई, सुईणबी न्हाई. ठावं असलेला तू एकटा ऱ्हायलास.” बाळाचं डोकं तिनं हातानं सावरलं. “सांग. काय हुतं माजं लेकरू?”

शकुबाई चुलीपासून हातातला झारा तसाच घेऊन आली होती.

तात्यारावांनी टेबलावरची एक मेणबत्ती उगीच सरळ केली.

“मी बगलो न्हाई,” ते म्हणाले.

“खोटं बोलू नगंस.”

“शपथ घेतो, आक्का. माय म्हनली, उघडू नगंस, सरळ जा, मागं बगू नगंस. मी चौदा वर्साचा हुतो. ऊन वर आलं हुतं, समदं लख्ख दिसायलं हुतं. बाभळीखाली खड्डा काढलो. खाली ठिवताना लुगड्याचं टोक सुटलं. मी डोळे मिटून घेतलो. मिटूनच माती लोटलो.” त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. “मला भ्या वाटलं. तेवडंच. कुनाला बी सांगितलो न्हाई.”

“मंग काय पुरलास तू?”

“लेकरू,” तात्याराव म्हणाले. “लेकरू पुरलो, आक्का.”

सरुबाई रडली नाही. तिला इतका राग आला होता की रडायला जागाच नव्हती. एकोणीस वर्षं तिला वाटत होतं की भावाला ठाऊक आहे आणि तो सांगत नाही. जेवताना, बोलताना, बस सुटताना ती त्याच्या तोंडाकडं बघत राहिली होती. एखाद्या दिवशी सांगेल म्हणून. आणि त्याच्यापाशी सांगायला काही नव्हतंच!

“बगायचं हुतंस,” ती म्हणाली. “येकदा बगायचं हुतंस की रं. माझ्यासाठी.”

“व्हय,” तात्याराव म्हणाले.

“नुसतं व्हय म्हनून भागत न्हाई. मी तुला माफ केले असं समजू नगंस.” मग ती पिराजीमामांकडं, कोंडाबाईकडं, सगळ्या अंगणाकडं वळली. आवाज चढवून बोलू लागली. “आता ऐका, हे नाव कुठून आलं ते. गुलबर्ग्याला मी पयल्यांदा गेले तवा एका खालानं, फुलं विकणाऱ्या मुसलमान मावशीनं, मला तिच्या पोत्यावर जागा दिली. येक दिवस मी तिला इचारले, खाला, लहान लेकराच्या मातीवर काय घालायचं? ती म्हनली, लडका था या लडकी? मी म्हनले, ठावं न्हाई. तिनं माझ्याकडं बगितलं. मंग जुडी हातात दिली आन् म्हनली, सब्जा डाल. औरत का हो, मरद का हो, सब्जा सबकू चलता बेटी.”

तिनं श्वास घेतला.

“त्या दिसापासून माझ्या लेकराला नाव हाय. कुनी पाळण्यात घातलं न्हाई, कुनी घुगऱ्या वाटल्या न्हाईत, पर नाव हाय. पालापाचोळा म्हनू नगा त्याला. त्या पाटलाच्या वाड्यात तुळस हाय. तिला वृंदावन लागतं, रोज पानी लागतं, दरसाल लगीन लावावं लागतं. आमच्या सब्ज्याचं कुनी लगीन लावलंय? कुनी पानी घातलंय? ओढ्यावर जाऊन बगा, उगवायचा ऱ्हायलाय का! कुनी शिवू नगं म्हनायला तो कुना देवाचा बी न्हाई. ज्याला लागंल त्यानं तोडावा. असं नाव हाय ते. पाटलानं दिलेलं न्हाई, बामनानं दिलेलं न्हाई. तुझ्या शाळेच्या पुस्तकातलं बी न्हाई, तात्या. माजं हाय.”

“आन् मी मागून घेतलंय,” शोभा म्हणाली. ती आता दारात नव्हती. अंगणात येऊन सरुबाईच्या शेजारी उभी होती. “आक्का नगं म्हनत हुत्या. मी मागून घेतले. चिडवणाऱ्या पोरांचं मोठी झाल्यावर ती बगंल, भाऊजी. न्हाईतर मी बगते.”

तात्यारावांनी पाळण्याकडं पाहिलं. निळ्या रंगाखालून ‘सिद्धार्थ’ दिसत होतं. सुताराला त्यांनी दोनदा बजावलं होतं की जुनं काही दिसता कामा नये.

“मामा, वंदना सुरू करा,” ते म्हणाले. “नाव आत्या सांगंल.”

“ते थेरं न्हवं का?” कोंडाबाईनं विचारलं. तिला राहवलं नाही.

“काकू, बसा हो आता,” तात्याराव म्हणाले, आणि त्या अंगणात पहिल्यांदाच कुणीतरी मोकळं हसलं.

मेणबत्त्या लागल्या. पिराजीमामांनी खड्या आवाजात त्रिशरण घेतलं, पंचशील घेतलं, सगळ्यांनी मागून म्हटलं. मग शोभानं आणि शकुबाईनं बाळ पाळण्यात घातलं आणि सरुबाई पुढं झाली. रीतीप्रमाणं ती वाकली. ओठ कानापाशी नेले. आणि तशीच सरळ झाली.

“कानात न्हाई सांगायची,” ती म्हणाली. “लई वर्सं कानातच ठिवले.”

मग तिनं नाव मोठ्यानं घेतलं. एवढ्या मोठ्यानं की गल्लीतून ऊस नेणारे गडी थबकले आणि बाळ दचकून रडायला लागलं. शोभानं पाळण्याला झोका दिला.

*

“पाळण्यावर आता काय लिवू नगा, भाऊजी,” पाहुणे उठल्यावर शोभा म्हणाली. “दोन्ही बी काढून टाका.”

तात्यारावांनी बाहेर बसून रॉकेलच्या चिंधीनं फळी घासली. आधी सुजाता गेली. सिद्धार्थला जास्त वेळ लागला. खालचं लाकूड दिसायला लागलं तेव्हा त्यांची नखं निळी झाली होती. सरुबाई ओट्यावर बसून बघत होती. ती काही बोलली नाही आणि त्यांनीही काही विचारलं नाही. निघताना ते तिच्या पाया पडायला वाकले, तर तिनं पाय मागं घेतले.

“आता नगं,” ती म्हणाली. “पुढल्या खेपंला बगू.”

बसवकल्याणच्या बसला जायची वाट पाटलाच्या त्याच ढेळजेपुढून जाते. श्रीपतराव पाटील तिथं लोडाला टेकून बसले होते, आणि त्यांचे गडी वृंदावनाला ऊस बांधत होते. तात्यारावांनी नेहमीप्रमाणं समोर बघून पाय उचलले.

“काय मास्तर!” श्रीपतरावांनी हाक दिली. “बारसं झालं म्हन. घुगऱ्या तर काय हितवर आल्या न्हाईत. पैले तुझा बाप ताट घेऊन यायचा, हितंच उभा ऱ्हायचा नाव इचारायला.”

तात्याराव थांबले.

“ठिवलाव काय नाव?” पाटलांनी विचारलं.

“सब्जा.”

“काय?”

“सब्जा. बहिणीनं ठिवलं.”

श्रीपतरावांनी गड्यांकडं बघून डोळे मिचकावले. गडी हसले. “हे कसलं रं नाव? पोरगं हाय का पोरगी, काय कळायचं मानसाला?”

सुजाता म्हटलं असतं तर हा प्रश्नच आला नसता, असं एक क्षण तात्यारावांच्या मनात येऊन गेलं. आणि मग त्यांना बाभळीखालचं ते ऊन आठवलं, लुगड्याचं सुटलेलं टोक आठवलं. या वेळी त्यांनी डोळे मिटले नाहीत. पाटलाच्या डोळ्यांत सरळ बघितलं.

“लेकरू हाय,” ते म्हणाले. “आमचं लेकरू हाय.”

आणि ते बसच्या वाटेला लागले.